सही करण्याआधी

मालनआत्तीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "हे बघ, तुझ्या कंपनीनं काय सांगितलंय. मी आता निर्धास्त झालो."

आमच्या इचलकरंजीकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. पुण्यात राहून मी ते बोलणं टाकलं होतं, आत्ती कशाला टाकेल! दुय्यम निबंधक कार्यालयातल्या लाकडी बाकावर ती माझ्या शेजारी ऐसपैस बसली होती, कोरी मोरपंखी साडी नेसून. साडी सकाळीच अण्णांनी दिली होती, चोळीच्या खणासकट. अण्णा म्हणजे माझे वडील, आत्तीचे थोरले भाऊ. बापाच्या मिळकतीतला आपला हिस्सा बहिणीनं भावाला लिहून द्यायचा आणि भावानं तिला साडीचोळी करायची, ही आमच्याकडची रीत. कागदावर त्याला हक्कसोड म्हणतात. घरात कुणी तसं म्हणत नाही. घरात म्हणतात, "मालनचं काय, ती देईल की सही." आणि मालन देते.

मी मोबाइल घेतला. पडद्यावर आमचंच ॲप उघडं होतं, 'वाटाड्या'. कायद्याचं, बँकेचं, विम्याचं काहीही मराठीत विचारा, यंत्र मराठीत उत्तर देतं, अशी आमची जाहिरात होती. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा ही यंत्रं नवी होती आणि लोकांना त्यांचं भारी अप्रूप होतं. आत्तीनं विचारलं होतं, भावाला हक्कसोड लिहून दिल्यावर पुढं गरज पडली तर हिस्सा परत मिळतो का? खाली उत्तर होतं, अगदी ठसठशीत: 'होय. नोंदणीकृत हक्कसोडपत्र तीन वर्षांच्या आत साध्या अर्जाद्वारे मागे घेता येते. अर्ज दुय्यम निबंधकाकडे करावा.'

असा अर्ज जगात नाही. सही करताना तुमची फसवणूक झाली असेल तर कोर्टात दावा लावता येतो आणि त्या दाव्याची मुदत तीन वर्षं असते. यंत्रानं कुठून तरी ती तीन वर्षं उचलली होती आणि त्याची खिचडी करून आत्तीला वाढली होती.

"बघितलंस?" आत्ती खुशीत म्हणाली. "मी काय म्हणतो वृषा, दादाचं मन राखायचं. त्याला बँकेला कागद दाखवायचाय ना, दाखवू दे. आणि उद्या आमच्या दिरानं मला खोलीतनं बाहेर काढलं, तर मी येतो इथं आणि देतो अर्ज. दोन्ही बाजूनं काळजी नाही."

आत्तीचं सासर गडहिंग्लजला. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दिराच्या घरात मागच्या अंगाला एक खोली, तिथं ती बायकांचे ब्लाउज शिवून देत होती. त्या खोलीवर दिराच्या मुलाचा डोळा होता, त्याला तिथं मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. तिच्या नावावर या जगात म्हणावं असं एकच काही होतं, आजोबांच्या यंत्रमागाच्या शेडमधला अर्धा वाटा. तो सोडायला ती आली होती, आणि तो परत मिळेल या भरवशावर आली होती. तो भरवसा आमच्या कंपनीनं दिला होता.

उत्तराच्या खाली, राखाडी बारीक अक्षरात, सूचना होती. ती सूचना मी लिहिली होती. माझं कामच ते होतं. कायद्याची पदवी घेतली, दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, मग पगाराची नोकरी मिळाली म्हणून वकिलीची सनद बार कौन्सिलकडे स्थगित ठेवून पुण्यात गेले. यंत्राच्या उत्तरांखाली 'हे आम्ही म्हटलं तरी खरं धरू नका' हे सभ्य मराठीत कसं लिहायचं, यासाठी मला पगार मिळायचा. हसू नका. त्यातही कसब असतं.

आमचे साहेब देवस्थळी. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकतंय. मी पहिली सूचना उत्तराच्या वर, ठळक, चार साध्या वाक्यांत लिहून नेली तेव्हा ते म्हणाले होते, "वृषाली, सूचना दिसली पाहिजे, पण तिनं माणसाला अडवता कामा नये."

"सर, अडवायलाच तर असते ना?"

"कोर्टात दाखवायला असते. वाचणारा अडला तर तो दुसऱ्या ॲपकडे जाईल, आणि तिथे सूचनाही नसेल. मग त्याचं भलं कसं झालं?"

सूचना खाली गेली, बारीक झाली, राखाडी झाली. 'सदर माहिती यंत्रनिर्मित असून सर्वसाधारण स्वरूपाची आहे, ती कायदेशीर अथवा आर्थिक सल्ला मानू नये, अचूकतेबाबत कंपनी हमी देत नाही' वगैरे वगैरे. मी हट्टानं शेवटी एक वाक्य राखलं. माझी आई, आत्ती, शेजारच्या काकू यांना डोळ्यांसमोर आणून लिहिलेलं ते एकच वाक्य: 'कोणत्याही कागदावर सही करण्याआधी स्वतःच्या वकिलाला विचारा.' देवस्थळी म्हणाले, "हे जरा भाषण वाटतं." मग म्हणाले, "असू दे. इतक्या खाली कोण जातंय!"

तर त्या बाकावर बसून मी त्या राखाडी ओळींकडे बघत होते, आणि आत्ती माझ्याकडे कौतुकानं बघत होती.

"आत्ती, तू हे सगळं वाचलंस?"

"वाचलं की. काय झालं?"

तेवढ्यात समोरून अण्णा आले, हातात दस्ताची फाइल. मागे माझा धाकटा भाऊ धनंजय. "आपला नंबर येतोय," अण्णा म्हणाले. "वृषा, तुझं आधार कार्ड काढून ठेव. ओळखदार म्हणून तुझी सही लागणार."

दस्त करून देणाऱ्या माणसाला आम्ही ओळखतो, हीच ती बाई, असं दोघांनी सांगावं लागतं. त्यातली एक मी होते. त्यासाठीच अण्णांनी मला पुण्याहून बोलावून घेतलं होतं. "बाहेरचा कशाला, घरचीच लेक असू दे," असं फोनवर म्हणाले होते, आणि मला बरंही वाटलं होतं. म्हणजे ज्या कागदानं आत्तीचा वाटा जाणार, त्या कागदावर 'हीच ती' म्हणून माझा अंगठा उठणार होता.

"मी एक फोन करून येते," म्हणून मी उठले. व्हरांड्यात स्टॅम्प विकणारे, दस्त लिहिणारे, झेरॉक्सवाले यांची ही गर्दी. एका कोपऱ्यात उभं राहून देवस्थळींना फोन लावला.

"सर, हक्कसोडपत्राचं उत्तर साफ चुकीचं येतंय. साध्या अर्जानं रद्द होतं म्हणून सांगतंय."

"नोंद करा ना सिस्टीममध्ये. टीम बघेल."

"सर, माझ्या आत्याला आलंय ते उत्तर. ती आत्ता सही करायला बसलीय."

मग ते सावकाश म्हणाले, "खाली सूचना आहे ना?"

"आहे."

"तुम्हीच लिहिली आहे. स्पष्ट आहे. मग? हे बघा, वृषाली, तुम्ही कंपनीचं माणूस. तुम्ही एखाद्या युजरला 'आमचं उत्तर चूक आहे' असं सांगितलंत की ती कंपनीची कबुली होते. करारात कलम आहे, तुम्हाला माहीत आहे."

"सर, ती माझी आत्या आहे."

"आत्या असल्या तरी युजर आहेत. मी नियम सांगतोय. घरातलं काय ते तुमचं तुम्ही बघा, पण उद्या काही झालं तर मला मध्ये पडता येणार नाही." आणि वर म्हणाले, "काळजी घ्या."

मी वळले तर धनंजय मागेच उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. लपवण्यात अर्थ नव्हता.

"धन्या, आत्तीला चुकीचं उत्तर मिळालंय. परत बिरत काही मिळत नसतं."

"मला माहितीय," तो म्हणाला.

"माहितीय?"

"दस्तवाल्याला विचारलं होतं मी. आत्तीनं गेल्या आठवड्यात मला दाखवलं ते. मी काय तिला सांगायला गेलो नाही, तिचं तिनं विचारलं, तिचं तिनं वाचलं. आणि खाली लिहिलंय की स्पष्ट, सल्ला मानू नये म्हणून. तूच लिहितेस ना ते?"

साहेब आणि भाऊ, एक पुण्यात, एक इचलकरंजीत, एकमेकांचं तोंडही न बघितलेले. दोघांनी माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं होतं. राग आला, पण कुणावर काढणार? त्या ओळी माझ्याच होत्या.

"अरे पण ती फसतीय."

"कोण फसवतंय? मी? ताई, जुने माग भंगारात गेलेत. नवे घेतले नाहीत तर शेडला कुलूप. बँक म्हणती, जागा एका नावावर आणा. आत्तीचं नाव अडकलंय त्यात. अण्णांची तब्येत तू बघतेस? तू येतेस दिवाळीला चार दिवस, खातेस आणि जातेस. आम्ही बघतो रोज." त्याचा आवाज भरून आला. खोटं नव्हतं ते. तेच तर वाईट होतं. सगळेच आपापल्या जागी खरे होते आणि मी मधल्या मध्ये.

अण्णांना धन्यानं खूण केली असावी. ते आले, मला जिन्याखाली घेऊन गेले. अण्णा कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. मागांच्या खडखडाटात सगळं आयुष्य गेलं, तरी बोलायचे हळूच. समोरच्यानं ओठ बघून समजून घ्यायचं.

"काय झालं गं बाळ?"

मी सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"मालनचं लग्न मी केलं," ते म्हणाले. "वडील गेले तेव्हा ती परकरात होती. तिचा नवरा आजारी पडला, मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर मी बसलो. शेड मी चालवला. आता तो पोराच्या हातात द्यायचाय, एवढंच. तिला मी काय रस्त्यावर सोडणार आहे का?"

"मग तिला तसं सांगा ना अण्णा. खरं सांगून सही घ्या."

"खरं सांगितलं तर देईल ती?"

मग अण्णा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "याच शेडवर तू शिकलीस. मी तुला काही मागितलं नाही कधी. आज मागतो. तू काही बोलू नको. बोलू नको म्हणजे खोटं बोल असं नाही. नुसती गप राहा. आणि तू आता वकीलही नाहीस, सनद ठेवलीस ना परत? मग तुझ्यावर कसली जबाबदारी?"

सुटकेची वाट अण्णांनीच काढून दिली होती, आणि कायद्यानं ती बरोबर होती. मी वकील नव्हते. मी सल्ला देऊ शकत नव्हते. कंपनीच्या करारात बसत नव्हतं, बापाच्या शब्दात बसत नव्हतं, आणि सूचना तर दिलेलीच होती. चारी बाजूंनी मला कुणी काही विचारू शकणार नाही, अशी ती जागा होती. आईची फार आठवण झाली. ती असती तर तिनं दोघांनाही झापलं असतं आणि मला काही करावं लागलं नसतं.

"मालन कबाडे!" आतून पुकारा झाला. आत्तीचं माहेरचं नाव. सासरच्या नावापुढे दस्तात ते लिहिलेलं होतं, आणि कारकुनानं तेवढंच वाचलं.

"चल," अण्णा म्हणाले.

आत टेबलामागे निबंधक साहेब, समोर कॅमेरा, अंगठ्याचं यंत्र. आत्ती खुर्चीत बसली, पदर नीट केला, कॅमेऱ्याकडे बघून हसली. कारकून म्हणाला, "मावशी, हसायचं नसतं." ती आणखीच हसली. तिच्या मागे अण्णा, त्यांच्या शेजारी धनंजय, आणि मी दाराशी, हातात आधार कार्ड.

साहेबांनी दस्त चाळला. रोज शंभरदा विचारत असतील त्या आवाजात विचारलं, "दस्त तुम्हीच करून देताय ना, बाई? मजकूर वाचला? कबूल आहे?"

"थांबा हं साहेब," आत्ती म्हणाली. "एक काम राहिलंय."

तिनं पिशवीतनं मोबाइल काढला. बोटानं वर सरकवत सरकवत शेवटपर्यंत गेली. मग अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "'कोणत्याही कागदावर सही करण्याआधी स्वतःच्या वकिलाला विचारा.' हे इथं लिहिलंय. म्हणून मी सही घरात केली नाही, दादा म्हणत होता तरी. म्हटलं, वृषा पुण्यासनं येणाराय, तिला विचारू, मग करू." ती खुर्चीतच मागं वळली. "माझा वकील तूच की गं. आणखी कोण असणार! मघाशी तुला दाखवलं, तू काही बोललीच नाहीस. आता सांग, यात वर लिहिलंय ते खरं का?"

इतक्या खाली कोण जातंय, असं देवस्थळी म्हणाले होते. एक बाई गेली होती. शेवटच्या ओळीपर्यंत गेली होती, आणि त्या ओळीनं सांगितलं तसं वागली होती. गडहिंग्लजहून निघून, साडी नेसून, बरोबर माझ्यापाशी येऊन पोचली होती. मी नोकरीभर ज्या वाचणाऱ्यासाठी भांडले, तो वाचणारा समोर बसला होता, आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

माझ्या तोंडून सवयीनं सुरुवात झाली, "आत्ती, असं असतं बघ, ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असते, आणि मी काही आता वकील म्हणून..."

"ते खालचं राहू दे," आत्ती म्हणाली. "ते वाचलं मी. वरचं सांग."

"मालन, ती वकील नाही आता," अण्णा म्हणाले. "साहेब, घ्या तुम्ही अंगठा."

"वकील नसू दे. भाची आहे ना?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. त्यांनी माझ्याकडे जन्मात कधी असं बघितलं नव्हतं, लहान पोरानं बघावं तसं. मला वाटलं, हे ओझं दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर द्यावं आणि निघून जावं. पण खोलीत दुसरं कोण होतं?

"चूक आहे ते," मी म्हणाले. "एकदा अंगठा दिलास की वाटा गेला. अर्ज बिर्ज काही नसतो. परत मिळत नाही."

कॅमेऱ्यापाशी बसलेला कारकून थांबला. धनंजय पुटपुटला, "झालं! झालं तुझं समाधान?"

आत्तीनं मोबाइल पिशवीत ठेवला. पिशवीची चेन लावली. मग भावाकडे बघून विचारलं, "दादा, तुला ठावं होतं?"

"तू मला विचारलं नाहीस."

"आता विचारतो. मी सही नाही केली, तर दिवाळीला येऊ का?"

साहेब घड्याळाकडे बघत होते, बाहेर पुढचे लोक दाराला टेकले होते, आणि आत्ती वाट बघत होती. मी मनात म्हणत होते, अण्णा, म्हणा ना 'ये' म्हणून. एका शब्दाचं काम आहे. कदाचित तुम्ही म्हणालात तर ती लगेच अंगठा देईल, तिला मी ओळखते. अण्णा टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

"आत्ती, त्यांना कशाला कोंडीत पकडताय?" धनंजय म्हणाला.

"तू गप. मी माझ्या भावाला विचारलं."

तरी अण्णा बोलले नाहीत. आत्तीचा चेहरा पडला, अगदी खरा खरा पडला. डोळ्यांतनं पाणी आलं ते तिनं नव्या पदरानं पुसलं. मला वाटलं ती आता 'घ्या साहेब' म्हणणार, माहेर तुटायच्या भीतीनं बायका म्हणतात तसं. तिनं नाक पुसलं, जरा बसून राहिली, आणि मग हळूहळू तिची मान सरळ झाली. मी तिला लहानपणापासून ओळखते, काहीतरी हिशेब जुळला की ती अशी बसते.

"साहेब, आज कबूल नाही," ती म्हणाली.

"आज नाही म्हणजे? बाई, एवढे लोक थांबलेत."

"म्हणजे नाही असं नाही. पुढं बघू." मग अण्णांकडे वळून अगदी लाडानं म्हणाली, "रागावू नको रे दादा. मी काय नको म्हणतोय व्हय? दिवाळीला येतो, तेव्हा बसून बोलू. साडी मात्र झकास आहे."

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. धनंजयला माझ्या आधी कळलं. त्याचा चेहरा बघून मला कळलं. सही दिली असती तर आत्तीला पुन्हा बोलवायचं काही कारणच उरलं नसतं. सही शिल्लक होती तोवर तिला बोलवावंच लागणार होतं, गोड बोलावं लागणार होतं, ताट वाढावं लागणार होतं. ते तिला त्या खुर्चीत, भावाच्या गप्प बसण्यातनं समजलं होतं.

बाहेर आलो. धनंजयनं गाडी काढली. मागचं दार त्यानं स्वतः उघडून धरलं. "या आत्ती. ऊन आहे." आत्ती बसली. मी तिच्या शेजारी बसायला पुढं झाले, तर अण्णा पुढच्या सीटवरून, मागे न बघता, हळू आवाजात म्हणाले, "तुला पुण्याची गाडी धरायची असेल. स्टँड जवळच आहे."

"अण्णा, माझी बॅग घरी आहे."

"धनंजय पाठवून देईल."

आत्तीनं काचेतनं माझ्याकडे बघितलं. तिला उतरायचं होतं, ते मला दिसलं. पण ती उतरली नाही, आणि मी तिला उतर म्हणाले नाही. उतरली असती तर निबंधकांच्या खोलीत तिनं जे मिळवलं ते तिथंच रस्त्यावर गेलं असतं. गाडी गेली. मी स्टँडवर जाऊन बसले आणि लोक बघत होते तरी मनसोक्त रडले.

नोकरी मी सोडली नाही. कुठं जाणार होते? उत्तर टीमनं दुरुस्त केलं. पुढं कधीतरी नियम बदलले आणि सूचना उत्तराच्या वर, ठळक अक्षरात गेली. देवस्थळींनी ती स्वतःचीच कल्पना म्हणून सगळ्यांना समजावून सांगितली. मी टाळ्या वाजवल्या.

आत्ती दर दिवाळीला इचलकरंजीला जाते. दर वर्षी तिला साडी मिळते. दर वर्षी धनंजय फाइल काढतो आणि ती म्हणते, "या साली ग्रह बरे नाहीत, पुढच्या साली बघू." शेडमध्ये आता धनंजयनं दुसरा भागीदार घेऊन नवे माग टाकलेत, म्हणजे कुलूप काही लागलं नाही. गडहिंग्लजच्या दिरालाही बातमी लागली की हिच्या नावावर इचलकरंजीत जागा आहे. तेव्हापासून तोही हिला वहिनी वहिनी करतो, खोलीचं नाव काढत नाही.

मला त्या घरातनं फोन येत नाही. पहिल्या वर्षी मीच केला होता. "अण्णा, येऊ का?" म्हटलं. "बघ तुझं तू," म्हणाले. त्या आवाजावर जाता येत नाही. नंतर मी विचारायचं सोडलं.

मागच्या दिवाळीत आत्तीनं तिथनं फोन केला, माडीवर जाऊन, दबक्या आवाजात. करंज्या कशा झाल्यात ते सांगितलं, अण्णांचा गुडघा सांगितला. मग म्हणाली,

"वृषा, मी काय म्हणतो, तुझी एखादी सही राहिलीय का गं इकडं कुठं? शोध की जरा. असली तर देऊ नको. बघ, कसे बोलावतात ते."

ती चेष्टा करत नव्हती. तिला माझ्यासाठी खरंच उपाय सुचला होता. इचलकरंजीचं ते घर आईच्या नावावर होतं. आई गेली त्याच महिन्यात अण्णा 'हक्कसोड दे' म्हणाले, आणि मी, पदवी हातात असलेली मुलगी, न वाचता, हसत हसत, निळी साडी घेऊन त्याच कार्यालयात अंगठा देऊन आले होते.

"नाही आत्ती," मी म्हणाले. "माझ्या सगळ्या झाल्यात."